न उडालेल्या बाराची किंमत

बापूसो मगदुमांनी सासष्ट वर्षांच्या आयुष्यात एकदाही बंदुकीचा बार उडवला नव्हता. तरी जुन्या दुनळीची किंमत करावी तर बापूसोंनीच, असं कोल्हापूरपासून पार बेळगावापर्यंत बोललं जायचं. कुणी त्यावरून टोकलंच तर ते म्हणायचे, "सोनार काय नथ घालून बसतोय व्हय?" आणि पुढच्या कामाला लागायचे.

घराणं जैन, मूळचं हातकणंगल्याकडचं. वडील ऑईल इंजिनं दुरुस्त करायचे. एकदा कुणा इनामदाराच्या बंदुकीचा चाप अडकला, तो त्यांनी मोकळा करून दिला. इंजिनापेक्षा हे काम हलकं आणि हात कमी काळे होतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग परवाना काढून त्यांनी कोल्हापुरात गुजरीच्या मागच्या गल्लीत दुकान टाकलं. बापूसो त्या दुकानात चाळीस वर्षं बसत होते. दुरुस्त केलेल्या बंदुकीची चाचणी घ्यायची असली की ती घेऊन मिस्त्री जायचा. बापूसो तेवढ्यात चहा पिऊन यायचे. शिकारीच्या गोष्टी सांगणारं गिऱ्हाईक आलं तर ते मान खाली घालून स्क्रू मोजत बसायचे.

मन अगदीच खात नव्हतं असं नाही. एकदा त्यांच्या बायकोनं, पद्मावतीबाईंनी, त्यांना एका मुनिमहाराजांच्या दर्शनाला नेलं. महाराजांनी धंदा विचारला. बापूसोंनी सांगितलं, जुन्या बंदुकांची किंमत करतो. महाराज म्हणाले, "किंमत जास्त कशाला येते?"

"कमी वापरलेलीला," बापूसो म्हणाले.

"मग चालू द्या," महाराज म्हणाले. पद्मावतीबाईंनी हा निकाल घरी येऊन सगळ्यांना सांगितला.

दोन हजार वीसच्या नोव्हेंबरात दुकानाला एकदम बरकत आली. कायदा बदलला होता. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, आता दोनच. तिसरं वर्षाच्या आत विका नाहीतर जमा करा, असं सरकारनं सांगितलं होतं. त्या वर्षातले कितीतरी महिने लोक घरात कोंडून होते. दार उघडल्यावर एकेकाला आठवलं, की डिसेंबरात मुदत संपते. मग तोंडाला मास्क लावलेली आणि हातात बंदूक घेतलेली माणसं बापूसोंच्या दुकानापुढं ओळीनं उभी राहायला लागली. पहिल्या दिवशी समोरच्या सराफानं शटर खाली ओढलं होतं. नंतर त्यालाही सवय झाली.

त्यातच एका सोमवारी नेसरीहून सयाजीराव वाईंगडे आणि त्यांची मुलगी राजनंदिनी आले. सयाजीराव त्र्याहत्तर वर्षांचे, पांढरी पँट, पांढरा शर्ट. एके काळी सोसायटीचे चेअरमन होते आणि अजून तसेच चालत होते. राजनंदिनी गडहिंग्लजच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिच्या हातात फाईल होती आणि सयाजीरावांच्या हातात लांबट चामडी पेटी.

"बसा की पावणं," बापूसो म्हणाले. "परवान्यावर काय काय हाय?"

"एक एकनळी हाय, डुकरं हुसकायला. एक रिव्हॉल्व्हर हाय. आणि ही आमच्या आबांची."

"ह्यातली ही काढायची म्हणताय?"

"एकनळी लागतीया. उसात डुकरं ऐकत न्हाईत."

"आणि रिव्हॉल्व्हर?"

सयाजीरावांनी छातीवरून हात फिरवला. "चेअरमन असताना घेतलेलं हाय."

राजनंदिनीनं वर आढ्याकडं बघितलं. रिव्हॉल्व्हर विकू या, असं तिनं तीन महिने सांगून बघितलं असावं, हे बापूसोंना न विचारता कळलं.

"काका, ही बंदूक लंडनची आहे," ती म्हणाली. "माझ्या आजोबांनी, म्हणजे आबासाहेबांनी, छपन्न साली हिनं वाघ मारला. नेसरीच्या खालच्या ओढ्याला. वाघाचं डोकं आमच्या हॉलमध्ये आहे, त्याची वनखात्याकडं नोंदसुद्धा आहे. गावात आम्हाला वाघाचे वाईंगडे म्हणतात. हे सगळं धरून किंमत सांगा."

"अगोदर बंदूक बघू," बापूसो म्हणाले.

त्यांनी हात धुतले, पुसले, चष्मा बदलला. पेटी उघडली. आत लाल मखमल होती आणि मखमलीत बंदूक तीन तुकड्यांत निजली होती: नळ्या, दस्ता आणि पुढचं लाकूड. सोबत तेलाची कुपी, सफाईचा गज. बापूसोंनी नळ्या उचलल्या, दोऱ्याला टांगल्या आणि बोटाच्या पेरानं हलकी टिचकी मारली. देवळातल्या लहान घंटेसारखा नाद आला आणि बराच वेळ टिकला.

"सांधा पक्का हाय," ते म्हणाले. "कुठं सुटलेला असता तर मडक्यागत वाजली असती."

मग त्यांनी नळ्यांच्या बुडाशी असलेले शिक्के भिंगातून बघितले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"बर्मिंगहॅमची हाय. लंडनची न्हाय."

"असं कसं?" सयाजीराव म्हणाले. "आबा लंडनची म्हणायचे."

"तवा सगळेच म्हणायचे. लंडनला नुसतं ऑफिस असायचं, काम बर्मिंगहॅमला व्हायचं. हे बारीक अक्षर बघा, ह्यावरनं साल कळतंय. सदतीस."

सयाजीरावांनी भिंगातून बघितलं. त्यांना काहीच दिसलं नाही, पण त्यांनी मान हलवली.

पुढं बापूसोंनी नळ्या उजेडाकडं धरून आतून बघितल्या. आरशासारख्या होत्या. काडतुसाचं बूड जिथं टेकतं, ती पोलादाची सपाट बाजू बघितली. वापरातल्या बंदुकीत तिथं गोल वळ उठतो. इथं काही नव्हतं. ज्या भोकांतून पिना बाहेर येतात, त्यांच्या कडा बघितल्या. कारखान्यात पोलादाला भट्टीतून जे निळे-तांबूस ढग चढतात ते बघितले. कालच चढल्यासारखे ताजे होते. एकाही स्क्रूच्या खाचेला ओरखडा नव्हता. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताखालून हजारभर बंदुका गेल्या असतील. अशी एकही गेली नव्हती.

फक्त एक गोष्ट जमत नव्हती. दस्त्याच्या मानेवर सेफ्टीचं बटण असतं, अंगठ्यानं पुढं सरकवायचं. त्यावर बोट घसरू नये म्हणून बारीक खाचा असतात. बाकी सगळी बंदूक कोरी आणि हे बटण मात्र नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत. बापूसोंनी ते पुढं सरकवलं, मागं घेतलं. टक्. टक्.

सयाजीरावांनी मान दुसरीकडं वळवली.

बापूसोंनी बंदूक पुन्हा मखमलीत ठेवली. "बाई, परवान्याची झेरॉक्स लागंल. तीन प्रती. गल्लीच्या तोंडाशी दुकान हाय."

राजनंदिनी फाईल घेऊन गेली. ती वळेपर्यंत बापूसो थांबले, मग स्वर न बदलता म्हणाले, "सयाजीराव, ह्या बंदुकीतनं बार उडालेला न्हाय."

सयाजीरावांनी पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"कारखान्यात चाचणीचे उडाले असतील, तेवढेच. त्यापुढं एकबी न्हाय. वाघ म्हणालासा म्हणून मी दोनदा बघितलं."

"वाईट झालं म्हणायचं का चांगलं?"

"भावाच्या बाजूनं बघाल तर चांगलं. वापरलेली असती तर दीड लाख. अशी कोरी, पेटीसकट, सव्वाचार लाख. गिऱ्हाईकबी हाय. शिरोलीला धैर्यशील नलवडे म्हणून फौंड्रीवाले हायत. पैसा मोप हाय, पण परवान्यावर जागा एकच उरलीया. त्यामुळं ती भरायची तर नुसती चांगली बंदूक नको, दुसरीकडं मिळायची न्हाई अशी पायजे म्हणत्यात. माझ्या सर्टिफिकेटवर घेतील."

"त्यात काय लिवणार?"

"हेच. बार उडालेला न्हाय म्हणून."

सयाजीरावांनी मास्क खाली ओढला, तोंड पुसलं आणि बाहेर झेरॉक्सच्या दिशेनं बघितलं. मग ते बोलायला लागले. आवाज चेअरमनचा नव्हता.

ते नऊ वर्षांचे होते. ओढ्याच्या वरच्या अंगाला जांभळीवर माळा बांधला होता आणि हट्ट करून ते आबांबरोबर वर बसले होते. वाघानं गावातली चार जनावरं नेली होती. दिवस मावळायच्या सुमाराला तो आला. बिनघोर आला, ओढ्यात पुढचे दोन पाय घालून पाणी प्यायला. आबांनी बंदूक खांद्याला लावली. सेफ्टी पुढं सरकवल्याचा आवाज झाला, टक्. वाघानं वर बघितलं. आबांनीही बघितलं. तसं किती वेळ चाललं ते नऊ वर्षांच्या पोराला कळलं नाही, पण पायाला मुंग्या आल्या होत्या एवढं आठवत होतं. मग वाघानं एक पंजा चाटला आणि आला तसा गेला. आबांनी सेफ्टी मागं घेतली. खाली उतरून म्हणाले, "घरात सांग, दिसला न्हाय म्हणून."

"आणि मग?" बापूसोंनी विचारलं.

"चार दिसांनी कुणीतरी मेलेल्या बैलाला इख घालून ठेवलं. ते खाऊन वाघ ओढ्याला मेला. आबा बघायला गेले. जिता असला तर पंचाईत म्हणून खांद्याला बंदूक. माणसं जमली. त्यांना मेलेला वाघ दिसला आणि बंदूक दिसली. मधलं माणसं आपलं आपण भरत्यात. गाडीत वाघ घातला, आबांच्या गळ्यात हार घातला. आबा न्हाय म्हणायला तोंड उघडत्यात तवर फोटू निघालाबी."

"आणि हे बटण?"

"दर ऐतवारी बंदूक पुसायचे. पुसून झाली की मांडीवर घिऊन बसायचे, आणि ते पुढं मागं, पुढं मागं. मरेपतोर. आई म्हणायची, ह्यास्नी वाघाची याद येतीया." सयाजीरावांनी पेटीकडं बघितलं. "येतच व्हती म्हणा."

घरात आता ही बंदूक नको वाटते म्हणून ते ती काढायला निघाले होते. हे अडुसष्ट... नाही, चौसष्ट वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. वर्षांचा हिशोब त्यांनी बोटांवर पुन्हा केला आणि मग पुढं वाकले.

"मगदूमशेठ, वापरलेली म्हणून लिवा. दीडच लाख येऊ देत."

"जे न्हाय ते मी लिवत न्हाय."

"माझं नुकसान हाय, तुमचं काय जातंय?"

"तुमचं अडीच पावणेतीन लाखाचं जातंय, माझा शब्द जातोय. उद्या नलवडे नळीत बघतील आणि म्हणतील, बापूसोचं डोळं गेलं."

"मग करू काय?"

बापूसोंनी विचार केला. त्यांना एकच सरळ रस्ता दिसला आणि तो त्यांनी दाखवला. "उडवा की."

"काय?"

"तुमची बंदूक, तुमचा परवाना. शेतात न्या, एक बार उडवा. मग मी लिवतो वापरलेली म्हणून. पण माझ्यासमोर उडवा. न बघता लिवत न्हाय."

काडतूस बापूसोंच्याच दुकानात होतं. त्याची पावती त्यांनी त्याच वेळी फाडली. ते काडतूस अख्ख्या जिल्ह्यातलं सगळ्यात महाग पडणार होतं, पण पावती छापील किमतीचीच होती.

त्या रात्री पद्मावतीबाईंनी विचारलं, "उद्या नेसरीला कशाला?"

"बार उडवताना बघायला."

पद्मावतीबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. "कशावर?"

"कशावर न्हाय. नुसताच."

त्यांनी थोडा वेळ नवऱ्याकडं बघितलं. "चांगली हाय का वो बंदूक?"

"आजवर हिनं एक मुंगीबी मारली न्हाय," बापूसो म्हणाले. आणि हे बोलल्यावर त्यांना जेवण जाईना. बंदुकांचा धंदा आपण निर्मळ मनानं करतो असं त्यांना वाटत आलं होतं. पण प्रत्येक दस्त्यावर हात ठेवताना त्यामागचं काही ना काही दिसायचं: ससा, डुक्कर, एकदा तर भाऊबंदकीतला माणूस. ही पहिली बंदूक होती की जी हातात धरताना काहीच दिसलं नव्हतं. आणि तिला काडतूस आपणच विकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला सयाजीरावांचा ड्रायव्हर बापूसोंना घेऊन नेसरीला पोचला. राजनंदिनीचा ऑनलाईन तास होता, ती घरात होती. सयाजीरावांनी तिला, गिऱ्हाईकाला दाखवायच्या आधी चाचणी घ्यायची आहे, एवढंच सांगितलं होतं. दोघं ओढ्याकडच्या शेतात गेले. ऊस तुटून गेला होता, पाल्याचा थर पडला होता. समोर मातीचा उंच बांध होता. मागं कुणी नाही, पुढं कुणी नाही, याची सयाजीरावांनी खात्री केली. बंदूक जोडली. काडतूस घातलं. नळ्या मिटल्यावर जो आवाज झाला तो बापूसोंना तिजोरीच्या दारासारखा वाटला, आणि मनातल्या मनात त्यांनी त्यालाही मार्क दिले.

मग बापूसो दहा पावलं मागं गेले. मिस्त्रीबरोबर चाचणीला कधी गेलेलेच नसल्यामुळं कुठं उभं राहावं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दोन्ही कानांत बोटं खुपसली आणि डोळे बारीक केले. पूर्ण मिटून चालणार नव्हतं. बघितलं तरच लिहिता येणार होतं.

सयाजीरावांनी बंदूक खांद्याला लावली. अंगठा पुढं सरकला. त्यांची पाठ ताठ झाली. बापूसो वाट बघत राहिले. पाल्यातून दोन बगळे चालत होते, त्यांचंही काही बिघडलं नव्हतं. बंदूक हळूहळू खाली आली. ते वळले आणि बोलायला लागले. बराच वेळ बोलले. एकदा ओढ्याकडं हात केला, एकदा छातीवर ठेवला, एकदा डोळ्याला लावला.

बापूसोंना त्यातलं काहीही ऐकू आलं नाही. बोलणं संपल्यासारखं वाटलं तेव्हा त्यांनी बोटं काढली.

"काय म्हणालासा?"

सयाजीराव बघत राहिले. एवढं सगळं पुन्हा बोलणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"मला उडवायची न्हाय," ते म्हणाले.

"बरं."

सयाजीरावांनी काडतूस काढून खिशात टाकलं आणि बांधावर बसले. बापूसोही, पँटला पाला लागू नये अशा बेतानं, शेजारी टेकले.

"मगदूमशेठ, खरं सांगा. आबा भ्याले व्हते का वो?"

"ते बंदुकीवरनं कळत न्हाय."

"मला लहानपणापासनं वाटत आलंय, भ्याले. आणि ते मला एकट्यालाच माहीत. आता बंदूक धरली तर... वाघबी न्हाय हो समोर, नुसता बांध हाय." त्यांनी नाक ओढलं. "तुम्हाला काय वाटतंय?"

बापूसोंनी विचार केला. सांत्वन करणं हा त्यांचा विषय नव्हता. त्यांना एकच काम येत होतं, ते त्यांनी केलं.

"भ्याले म्हणा, दया आली म्हणा, आणि काय म्हणायचं ते म्हणा. पण त्यांनी त्या दिवशी जे केलं न्हाय, त्याला बाजारात आज पावणेतीन लाख जादा मिळत्यात. मारला असता तर दीड लाखाची बंदूक राहिली असती. चाळीस वर्षं मी बसलोय दुकानात. चाप वढणाऱ्यांच्या बंदुका पोत्यानं येत्यात. न वढणाऱ्याची ही एकच आली."

सयाजीरावांचे खांदे हलायला लागले. रडतात की हसतात हे बापूसोंना कळेना, म्हणून ते बगळ्यांकडं बघत राहिले. थोड्या वेळानं कळलं, की हसत होते.

"लिवा," डोळे पुसत सयाजीराव म्हणाले. "खरं हाय ते लिवा."

"बटणाचे दहा हजार कमी करावे लागतील. झिजलंय."

"करा की. झिजलंयच ते."

सर्टिफिकेट बापूसोंनी तिथंच, वाईंगड्यांच्या हॉलमध्ये, वाघाच्या डोक्याखाली बसून लिहिलं. "सदर बंदुकीतून कारखान्यातील चाचणीखेरीज बार उडाल्याची कोणतीही खूण आढळत नाही. सेफ्टीचे बटण वापराने गुळगुळीत. किंमत रुपये चार लाख पंधरा हजार." तास संपवून राजनंदिनी चहा घेऊन आली, कागद उचलून वाचला, पुन्हा वाचला आणि वर भिंतीकडं बघितलं.

"मग हा?"

सयाजीरावांनी तिला सगळं सांगितलं. शेतात जे बापूसोंना ऐकू आलं नव्हतं, त्यातलंही बरंच त्यात असावं. ती ऐकत ऐकत खुर्चीत बसली. कप हातातच राहिला.

"अण्णा," शेवटी ती म्हणाली, "मी चौथीत ह्याच्यावर निबंध लिहिला होता. जिल्ह्यात पहिला नंबर आलेला."

"माहीत हाय. मीच पाठ करून घेतलेला."

"त्यात मी लिहिलं होतं, आजोबांच्या डोळ्यांत भीतीचा लवलेशही नव्हता."

"ते तू तुझं घातलेलंस," सयाजीराव म्हणाले.

ती थोडा वेळ रागावल्यासारखी बसली. मग उठून आजोबांचा हार घातलेला फोटो भिंतीवरून काढला, खिडकीशी नेला आणि निरखून बघितला. "खरंच की, तोंड उघडं आहे त्यांचं. मला कायम वाटायचं, शिंक आली असेल." फोटो पदरानं पुसून तिनं परत जाग्यावर लावला. बापूसोंना ती म्हणाली, "काका, कागद असाच राहू द्या."

धैर्यशील नलवड्यांनी पुढच्याच आठवड्यात बंदूक घेतली. नळीत बघून झाल्यावर त्यांचा हात चापाकडं गेला. "एकदा उडवून बघू का वो?"

"बघा की," बापूसो म्हणाले. "पण उडवून झाल्यावर किंमत विचारायला येऊ नका." नलवड्यांनी हात मागं घेतला आणि पेटी मिटली.

सयाजीरावांनी मात्र एकदा तोंड उघडल्यावर मागं घेतलं नाही. आबांच्या पुण्यतिथीच्या दिवशी दूध संस्थेच्या कट्ट्यावर त्यांनी सकाळच्या गर्दीत सगळी हकीकत सांगितली. सर्टिफिकेटची झेरॉक्सही दाखवली. कागद हातोहात फिरला. नेसरीच्या लोकांनी तो नीट वाचला, शिक्का बघितला, सही बघितली. खोटं म्हणायला जागा नव्हती. विषाचा बैल, माळा, वाघानं पंजा चाटला, हे सगळं ऐकून ते म्हणाले, सयाजीअण्णाचं वय झालंय, त्यात कोरोना हून गेला, काहीबाही आठवतंय. पण कागद खोटा असणार नाही. बंदूक उडालेली नाही, आणि वाघ तर मेलाय. म्हणजे आबासाहेबांनी तो बंदुकीशिवाय मारला. एवढ्या वर्षांत हे कुणाच्या लक्षातच कसं आलं नाही, याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं.

जानेवारीत एक दिवस सकाळी ज्ञानू नावाचा साठीतला शेतकरी बापूसोंच्या दुकानात आला. नेसरीचाच होता. बगलेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यानं काचेच्या कपाटावर ठेवून सोडलं. आत कुऱ्हाड होती.

"आमच्या बाची हाय," तो म्हणाला. "वाईंगड्यांच्या आबांनी ऐनवेळी मागून नेलती. छपन्न साली. वाघाला. सगळ्या गावाला ठावं हाय."

बापूसोंनी हात धुतले, पुसले, चष्मा बदलला. पातं उजेडाकडं धरलं. धार अंगठ्याच्या नखावर तपासली. दांडा उलटासुलटा केला.

"दांडा नवा हाय," ते म्हणाले.

"मागच्या साली बदलला. पातं तेच हाय."

"पातं चांगलं हाय. गावच्या लोहाराचं, पण पाणी बरोबर बसलंय."

"मग किती येतील?"

"दोनशे."

ज्ञानू नाराज झाला नाही. त्यानं कुऱ्हाड पुन्हा गुंडाळली. "आणि वाघ धरून?" त्यानं विचारलं.

बापूसोंनी भिंग पुसून खोक्यात ठेवलं आणि थोडा वेळ खरोखरच विचार केला.

"वाघ धरला तर विकू नका," ते म्हणाले. "घरातच असू द्या."

ज्ञानूला ते पटलं. गोणपाट बगलेत मारून तो गल्लीतून बाहेर पडला, आणि बापूसोंनी पुढच्या गिऱ्हाईकाला आत बोलावलं.